नॉर्मल नमुन्यातला ढग

आमच्या कॉलेजात काही वर्षं मी अधिकृत निरोगी माणूस होतो. नेमणुकीचा कागद वगैरे काही नव्हता, पण सगळ्यांना ते मान्य होतं.

जीवरसायनशास्त्राच्या लॅबमध्ये दर हिवाळ्यात लघवीतली प्रथिनं ओळखायचं प्रॅक्टिकल व्हायचं. त्याला दोन बाटल्या लागायच्या, एक नॉर्मल आणि एक ॲबनॉर्मल. नॉर्मल बाटली भरून द्यायला स्टाफपैकीच कुणीतरी लागे. हा विषय निघाला की स्टाफरूममधले बाकीचे पुरुष एकदम पेपर तपासायला लागायचे. मी नवा होतो, लाज मुळातच बेताची, त्यात आपलं काहीतरी विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडतंय याचं अप्रूप. माझं शिकवणं पाहता तेवढंच काय ते उपयोगी पडत होतं.

ॲबनॉर्मल बाटलीतही मीच असायचो. खरा पेशंट आणणार कुठून? म्हणून लॅबमधले मामा, म्हणजे आमचे जुने शिपाई, एक अंडं फोडून त्यातलं पांढरं माझ्याच नमुन्यात मिसळायचे. झाला पेशंट तयार. उरलेला पिवळा बलक मामा कुठे नेतात हे मी कधी विचारलं नाही. अंडं ही आमच्याकडे भानगडीची वस्तू होती. स्टाफरूममधल्या सोवळ्या मंडळींना सुगावा लागू नये म्हणून मामा ते आदल्या दिवशीच रद्दी कागदात गुंडाळून बीकरच्या कपाटात मागच्या बाजूला दडवायचे. माझ्यासोबत लॅब सांभाळणाऱ्या मॅडम वयानं माझ्याहून मोठ्या आणि कट्टर शाकाहारी. सल्फ्युरिक ॲसिडची बाटली त्या सहज उचलायच्या, पण अंडं हलवायचं झालं की चिमटा मागायच्या.

प्रयोग सोपा. काचेची नळी नमुन्यानं दोन तृतीयांश भरायची, बुडाशी धरायची आणि फक्त वरचा भाग स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचा. प्रथिनं असतील तर वर पांढरा ढग जमतो आणि खालचं पाणी निवळ राहतं. एकाच नळीत अर्धं आभाळ भरून आलेलं, अर्धं कोरडं. पण इथे थांबायचं नाही. साध्या फॉस्फेटच्या क्षारांनीही हुबेहूब असाच ढग येतो, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. म्हणून पातळ ॲसेटिक ॲसिडचे दोन-तीन थेंब टाकायचे. क्षार असतील तर ढग क्षणात विरघळतो. प्रथिनं असतील तर हलत नाही.

हे ॲसिडचं मी दर वर्षी घसा फोडून सांगायचो. "ॲसिड न टाकता ज्यानं रिझल्ट लिहिला, त्याचे मार्क मी गोदावरीत सोडीन," असं म्हणायचो. पोरं हसायची आणि निम्मी तरी ॲसिड विसरायचीच. मी त्यांचे मार्क कापायचो आणि मनातून खूश व्हायचो. शिक्षकाला तेवढीच करमणूक.

आता हे प्रथिनांचं खूळ माझ्या डोक्यात कुठून आलं ते सांगायला हवं. ते तसं आधीपासूनच होतं, पण नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्याला एक चेहरा मिळाला.

वडिलांचं नाशकात द्वारका चौकाजवळ ट्रकचे पाटे दुरुस्त करायचं दुकान होतं. पाटे म्हणजे चाकांवरच्या लोखंडी कमानी. ओझ्यानं त्या सपाट होतात, मग तापवून, ठोकून त्यांना पुन्हा बाक द्यावा लागतो. वडील अंगानं काटकुळे, आवाज मात्र घणाचा. त्या वर्षी ते एकाएकी भरल्यासारखे दिसायला लागले. गाल वर आले. सकाळी डोळे बारीक व्हायचे. गल्लीतले लोक म्हणायचे, "पोरगं अजून कमवायला लागलं नाही तर बापाला तब्येत सुटली!" वडिलांनाही ते आवडायचं. चपलेचा पट्टा बसेना, तेव्हा त्यांनी चांभाराला चिडवलं, "तुझं चामडं आखडलं का रे?"

मी तेव्हा पुण्याला एम.एस्सी. करत होतो. सुट्टीत आलो की संध्याकाळी त्यांचे पाय चेपायचो. एकदा चेपताना माझा अंगठा नडगीवर दाबला गेला आणि तिथे खड्डा पडला. अंगठा उचलला तरी खड्डा तसाच. मला गंमत वाटली. मी शेजारी दुसरा पाडला, मग तिसरा. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत अख्खी रांग काढली. वडील वाकून बघत म्हणाले, "काय रं, भाकरी थापतो का काय?" आम्ही दोघं हसलो. पहिला खड्डा भरायला लागला तेव्हा मी शेवटचा पाडत होतो.

मग त्यांना गल्लीच्या टोकाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी आमच्यासमोरच नळी तापवली. वर पांढरा ढग जमला. त्यांनी ॲसिडचे थेंब टाकले. ढग होता तिथेच राहिला, उलट घट्ट झाला. वडिलांनी नळीकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, आता साखर घाला. कलाकंद झाला का दोन वड्या आमच्या पोरालाबी द्या."

मी खदाखदा हसलो. डॉक्टर हसले नाहीत. कंपाउंडर हसला नाही. डॉक्टरांनी मला विचारलं, "तुम्ही काय शिकता?" मी छाती काढून म्हटलं, "बायोकेमिस्ट्री." ते म्हणाले, "मग तुम्हाला काही सांगायला नको." मी मान डोलावली. अल्ब्युमिन या प्रथिनाचा रेणुभार मला पाठ होता. ते लघवीतून जायला लागलं तर माणसाचं काय होतं, हे अभ्यासक्रमात नव्हतं.

ते मी नंतर वाचलं. अल्ब्युमिन रक्तातलं पाणी रक्तात धरून ठेवतं. मूत्रपिंडाची चाळणी फाटली की ते वाहून जातं, आणि मग धरून ठेवणारं कुणी न उरल्यामुळे पाणी झिरपत पापण्यांत आणि पायांत जाऊन बसतं. वडिलांना सुटलेली तब्येत म्हणजे ते पाणी होतं. मी हे वाचून पुरतं समजून घेईपर्यंत दुकानाचं शटर कायमचं खाली आलं होतं.

त्यानंतर मला नोकरी लागली, लग्न झालं, आणि मी अधिकृत निरोगी माणूस झालो.

दोन हजार साल उलटून गेलं होतं. ज्या हिवाळ्याची ही गोष्ट, त्याच्या आदल्या वर्षी मी मॅडमची एक खोड काढली होती. त्यांच्या बॅचच्या दोन्ही बाटल्यांत गुपचूप अंड्याचं पांढरं मिसळलं. झालं, सगळ्या बॅचचा नॉर्मल नमुना ॲबनॉर्मल निघाला. मॅडम तासभर पोरांवर ओरडत होत्या, "सगळेच्या सगळे कसे चुकलात?" शेवटी त्यांनी स्वतः नळी तापवली, ढग पाहिला, आणि वळून माझ्याकडे बघितलं. मी खिडकीतून बाहेर बघत होतो. त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, याची परतफेड होईल."

म्हणून या वर्षी बॅच यायच्या आधी मी माझा नॉर्मल नमुना सहज तपासला आणि वर पांढरा ढग उमटला, तेव्हा मला आधी हसूच आलं. म्हटलं, वा मॅडम! आता पुरावा हाती लागावा म्हणून बीकरचं कपाट उघडलं, मागे हात घातला आणि कागदाची गुंडाळी काढली.

अंडं अखंड होतं.

मी ते उजेडात धरून फिरवून फिरवून पाहिलं. कुणी सुईनं भोक पाडून आतलं काढलंय की काय, असंसुद्धा पाहिलं. गुळगुळीत, पांढरं, गार अंडं. नळी स्टँडवर उभी होती, तिच्यातला ढग निवायला लागला होता आणि त्याचे बारीक तुकडे होऊन सावकाश खाली उतरत होते. ॲसेटिक ॲसिडची बाटली नळीच्या शेजारीच होती. ड्रॉपरही होता. मी त्या बाटलीकडे पाहिलं, आणि नळी सिंकमध्ये ओतून टाकली. मग उरलेला नमुनाही ओतला आणि नळ मोठा सोडला.

बॅच दारात येऊन थांबली होती. मी मामांना कोपऱ्यात घेतलं. "मामा, आज तुमचा नमुना लागेल."

"माझा? सर, मी तमाखू खातो."

"चालेल."

"आन् काल जरा मटण झालं होतं."

"मामा, बाटली घ्या."

मामांचा नमुना आरशासारखा निवळ निघाला. त्या दिवसापासून मामांच्या चालण्यात एक रुबाब आला, तो त्यांच्या निवृत्तीपर्यंत टिकला.

प्रॅक्टिकल संपल्यावर मी मॅडमसमोर जाऊन हात जोडले. "मानलं तुम्हाला. पण एक सांगा, अंडं विकत घेतलंत ते हातात धरून आणलंत की चिमट्यानं?"

"कसलं अंडं?"

"आता पुरे. माझ्या बाटलीत टाकलंत ते."

"सर, मी घरी लेकाच्या आमलेटचा तवासुद्धा वेगळा ठेवलाय. मी अंडं फोडीन?"

"परतफेड होईल म्हणाला होतात."

"ती मी परीक्षेच्या ड्यूट्या लावताना केली. तुम्हाला कळली नाही का?" त्या हसल्या. मग माझ्या तोंडाकडे बघून थांबल्या. "ढग आला का? तुमच्या नमुन्यात?"

मी रिकाम्या नळ्या स्टँडला लावायला लागलो.

"ॲसेटिक टाकलं होतंत ना?"

आता एवढी वर्षं ज्या माणसानं त्याच एका गोष्टीवर पोरांचे मार्क कापले, तो काय उत्तर देणार? म्हटलं, "म्हणजे काय! मी टाकल्याशिवाय राहीन?"

मॅडमचा चेहरा उतरला. "बरं," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या माझ्याशी चांगलं वागायला लागल्या, आणि मी खरा हादरलो. डबा उघडला की पहिलं थालीपीठ माझ्यापुढे यायचं. माझं एक लेक्चर त्यांनी न मागता घेतलं. त्यांच्या लेखी ॲसिड टाकून झालं होतं आणि ढग गेला नव्हता. माझ्याच खोट्या उत्तरानं मी त्यांच्या नजरेत पेशंट झालो होतो, आणि त्या नजरेतून मला तो ढग रोज दिसायचा.

आता कुणीही विचारील, की बाबा रे, लॅब तुझी, बाटली तुझी, दोन मिनिटांचं काम, मग पुन्हा का नाही तपासलंस? त्याचं कारण असं, की ॲसिड टाकलं नव्हतं तोवर ते फॉस्फेटही असू शकत होतं. जास्त दूध पिण्यानं, कमी पाणी पिण्यानं, कशानंही. मी ते दार अर्धवट उघडं धरून उभा होतो. पूर्ण उघडलं असतं तर दारात कोण उभं आहे ते मला माहीत होतं.

वडील तसेही येतच होते. सकाळी दाढी करताना आरशात डोळे बारीक वाटायचे. मी साबण जास्त लावायचो. लघवीला फेस येतो हे प्रथिनांचं आणखी एक लक्षण, म्हणून मी संडासात छताकडे बघत उभा राहायचो आणि खाली न बघता दोन बादल्या पाणी ओतायचो. छताकडे मान करून लघवी करणारा दुसरा जीवरसायनाचा प्राध्यापक नाशिक जिल्ह्यात नसावा. बायको बाहेरून म्हणायची, "अहो, आत अभिषेक चाललाय का?"

नडगी दाबायची सवय लागली. बसमध्ये, फळ्याशी, स्टाफ मीटिंगमध्ये टेबलाखाली. खड्डा पडतो का, पडला तर भरायला वेळ लागतो का. माझीच नडगी दाबून तुलना काय कळणार, म्हणून एका रविवारी दुपारी बायको आडवी झाली होती तेव्हा तिची दाबून पाहिली. ती दचकून उठली. "काय हो हे?" मी म्हटलं, "मुंगी होती." ती म्हणाली, "मुंगी मारायला अंगठा एवढा रोवतात?" आणि दिवसभर माझ्याकडे संशयानं बघत राहिली.

आणि ढग तर सगळीकडे. दूध नासलं की पातेल्यात तोच. वरणाला उकळी फुटली की वर तोच. शेजारच्यांची म्हैस व्याली, त्यांनी चीक पाठवला, बायकोनं गूळ-वेलची घालून खरवस लावला. मी कुकरजवळ उभा राहून झाकण उघडायची वाट बघत होतो. पातळ चीक गेला आणि थरथरणारी पांढरी वडी बाहेर आली. वर्गात मी हेच शिकवायचो, की प्रथिनाची साखळी नीट घडी घालून ठेवलेली असते, उष्णतेनं घड्या उलगडतात, साखळ्या एकमेकींत गुंततात आणि पांढरं गच्च होतं, मग ते परत पातळ होत नाही. लोखंड तापवून त्याला पुन्हा बाक देता येतो. याला नाही. बायकोनं वडी पुढे केली. मी म्हटलं, भूक नाही. खरवसाला नाही म्हणणारा नवरा तिनं पहिल्यांदा पाहिला.

महिनाभर असं चाललं. मग दिंडोरीकडून फोन आला.

माझा एक जुना विद्यार्थी तिकडे एका वायनरीत लागला होता. तेव्हा त्या बाजूला नव्या वायनऱ्या निघत होत्या, आणि द्राक्षं खाण्याची नसून पिण्याची असतात हे ऐकून म्हातारी माणसं हसायची. विद्यार्थी म्हणाला, "सर, आमची पांढरी वाइन बाटलीत गेल्यावर ढगाळतेय. साहेबांना वाटतं प्रोटीन आहे. तुम्ही प्रोटीनवाले, एकदा येऊन सांगा ना." प्रोटीनवाले म्हटल्यावर मी फुगलो. नेहमीप्रमाणे आपल्याला काय झालंय ते विसरून दुसऱ्याच्या ढगाचा तज्ज्ञ म्हणून जीपमध्ये बसलो.

तिथे त्यानं एका बाटलीतली वाइन गरम पाण्यात तापवून मग गार करून ठेवलीच होती. ती त्यानं ग्लासात ओतून माझ्या हातात दिली. खिडकीतून ऊन येत होतं. पिवळसर, सुंदर, आणि तिच्यात तो बारीक पांढरा धुरकटपणा. "प्रोटीनच ना, सर?"

"प्रोटीनच."

"मग आता ही बघा गंमत." त्यानं बादलीत भिजवलेली राखाडी चिकण माती दाखवली. "ही माती टाकायची. प्रोटीन मातीला धरून खाली बसतं आणि वर सगळं निवळ. माती दिली की सुटलो."

तो आपलं काम सांगत होता. मला ते नीट ऐकूच आलं नाही. मला एवढंच दिसत होतं की माझ्या हातातल्या ग्लासात वडील आहेत आणि हा पोरगा उत्साहानं त्यांना माती द्यायची म्हणतोय. ग्लास कलंडला, निम्मा माझ्या शर्टावर सांडला आणि उरलेला फरशीवर फुटला. मी तिथल्याच एका पिंपावर बसलो. बाटल्या धुणाऱ्या बायका हसायला लागल्या. एक म्हणाली, "मास्तरला वासानंच चढली वाटतं!"

मी शर्टाला वाइनचा वास घेऊन घरी पोचलो. माझ्या आधी बातमी पोचली होती की नाही माहीत नाही, पण कॉलेजात तरी दुसऱ्या दिवशी ती माझ्या आधी पोचली होती. सर दिंडोरीला भरदुपारी टाइट झाले, पिंपावर आडवे झाले, उचलून जीपमध्ये घालावं लागलं. स्टाफरूममध्ये एकानं मला लिंबू दिलं.

त्या संध्याकाळी घरी बायकोनं तमाशा केला नाही. तो केला असता तर बरं झालं असतं. ती समोर बसली आणि म्हणाली, "कधीपासून पिताय?"

"अगं, प्यायलो नाही. सांडली."

"शर्टावर सांडली. मग संडासात लपून बसता ते? खाणं सुटलंय ते? मुंग्या दिसतात ते?" तिचे डोळे भरले होते. "आणि दारू नाही म्हणता, तर रोज सकाळी डोळे का सुजतात तुमचे?"

महिनाभर मी आरशाला फसवत होतो, की तो भास आहे, म्हणून. भास दुसऱ्या माणसाला दिसत नाही.

मी तिला म्हटलं, "दारूनं नाहीत सुजत. उद्या सांगतो."

परीक्षेचे दिवस होते, लॅब रिकामी होती. सकाळी मी बाटली घेऊन गेलो. मॅडम उत्तरपत्रिका लावत बसल्या होत्या. मी म्हटलं, "मॅडम, मी पीत नाही."

"मला माहितेय."

"आणि त्या दिवशी मी ॲसिड टाकलं नव्हतं."

त्यांनी गठ्ठा खाली ठेवला. "म्हणजे महिनाभर माझी थालीपिठं फुकट खाल्लीत?"

"खाल्ली."

"लेक्चर घेतलं मी तुमचं."

"घेतलंत."

"फॉस्फेट निघालं ना, तर सगळं वसूल करीन," असं म्हणत त्यांनी स्वतः उठून दिवा पेटवला. त्यांना ते फॉस्फेट निघायला हवं होतं, हे मला त्यांच्या घाईवरून कळत होतं. मी नळी भरली. बुडाशी धरली. वरचा भाग ज्योतीवर फिरवायला लागलो. आधी बुडबुडे आले, मग धुकं, मग ढग. खालचं पाणी निवळ होतं. मॅडमनी ड्रॉपर माझ्या हातात दिला. मी थेंब सोडले.

आम्ही दोघं बघत राहिलो. ढग गेला नाही. थेंब पडला तिथे तो आणखी घट्ट झाला आणि त्याच्या कडेनं दह्यासारख्या गुठळ्या पडल्या. दिवा चालूच होता. रस्त्यावरून ट्रक गेला, कपाटातल्या काचा किणकिणल्या.

आणि मी म्हणालो, "मॅडम, आता साखर घाला. कलाकंद होईल."

माझा आवाज मला माझा वाटला नाही. तो घणाचा आवाज होता. मॅडम हसल्या नाहीत. मला वाटलं होतं त्या हसतील. आणि मग मला ती गल्लीच्या टोकाची खोली दिसली, डॉक्टर, कंपाउंडर, आणि त्या सगळ्यांत एकटाच खदाखदा हसणारा मी. वडिलांना तेव्हा कळलं होतं. पोरगं बायोकेमिस्ट्री शिकतंय आणि त्याला अजून काही कळलेलं नाही, हेही कळलं होतं. तो कलाकंद त्यांनी माझ्यासाठी केला होता. मी दोन्ही वड्या खाऊन घरी आलो होतो.

मॅडमनी दिव्यावर टोपण ठेवलं. म्हणाल्या, "चला, मी येते तुमच्याबरोबर." आधी घरी गेलो. बायकोला सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "म्हणजे मुंगी नव्हती?"

पुढचं फार रंगवण्यासारखं नाही. मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, पाठीतून सुई घालून कणभर तुकडा काढला, आणि म्हणाले, "लवकर आलात." मॅडम शेजारी बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी लवकर या शब्दाचा आनंदही घेऊ शकलो नाही. गोळ्या सुरू झाल्या, त्या अजून चालू आहेत. घरातून पापड, लोणचं, चिवडा हद्दपार झाला. संध्याकाळी बायको टीव्ही बघता बघता न बोलता माझ्या नडगीवर अंगठा दाबते, खड्डा भरतोय का बघते आणि मालिकेकडे वळते. तिच्याइतकं शास्त्रीय निरीक्षण माझ्या एकाही विद्यार्थ्यानं केलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात प्रॅक्टिकलची वेळ आली. नॉर्मल बाटलीसाठी एक नवे, लाजरे प्राध्यापक मिळाले. ॲबनॉर्मलसाठी मी उभा राहिलो. अंड्याची गरज उरली नाही. मॅडम म्हणाल्या, "माझा चिमटा सुटला." मामा मात्र नाराज होते, त्यांचा बलक गेला. माझ्या नळ्या रांगेत पेटलेल्या दिव्यांवर तापायच्या, एकेका नळीत वर पांढरा ढग जमायचा, आणि मी बाकांमधून फिरत "ॲसिड, ॲसिड" ओरडायचो. त्या सगळ्या ढगांमधून वडील बघत असायचे. मी पोरांना मोठ्या आवाजात रागवायचो, म्हणजे ते काही बोलले तरी ऐकू येऊ नये.

गोळ्यांनी गुण आला तसा ढग दर वर्षी विरळ होत गेला. डॉक्टर खूश, बायको खूश. मलाही खूश व्हायला हवं होतं, आणि होतोच, पण प्रॅक्टिकलच्या सकाळी नळी तापवताना हात जरा रेंगाळायचा.

मग एका वर्षी अशी वेळ आली की ढग दिसेच ना. सावधगिरी म्हणून मामांनी जुन्या सवयीनं कपाटात अंडं आणून ठेवलं होतं, ते कागदातून काढून त्यांनी वाटीही मांडली. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलीनं मला बोलावलं. तिनं नळीमागे काळा कागद धरला होता. "सर, आहे का नाही तेच कळत नाही. या पेशंटला बरं वाटतंय का?"

"ॲसिड टाकलंस?"

"नाही, सर."

"टाक."

तिनं थेंब सोडले. आम्ही दोघांनी वाकून पाहिलं. काळ्या कागदावर श्वास टाकल्यासारखं काहीतरी दिसलं, पुसट, पण जागचं न हलणारं.

"आहे, सर," ती म्हणाली. "पण थोडंच."

"थोडंच असू दे," मी म्हटलं, आणि मामांना अंडं घरी न्यायला सांगितलं.